स्पॅनिशच्या काड्या शिकायला ११० युरो घालवले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारी आहेत आणि जागा छोटीशी आहे, तीन खोल्या, माद्रिदमध्ये लाबापिएस मेट्रोपासून चालत सात-आठ मिनिटं, खाली बार. कोर्स फक्त एका गोष्टीचा: स्पॅनिश शब्दावर ती तिरकी काडी कुठे द्यायची. बास. क्रियापदं नाहीत, गप्पा नाहीत, फक्त काडी. दर शनिवारी सकाळी दोन तास, असे चार शनिवार, ११० युरो. (भारतातल्या मंडळींनी गुणाकार करू नये, मी केला आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.)

नवरा म्हणाला, अगं काडी नाही दिली तरी लोकांना कळतं की. कळतं, बऱ्याचदा कळतं, मीपण तीन वर्षं तेच म्हणत होते. मग एका शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला की अमक्याने कोड तपासलाय. स्पॅनिशमध्ये 'तो' लिहायची गरज नसते, क्रियापदातच तो आलेला असतो, म्हणून मी नुसतं 'या रेबिसो एल कोदिगो' लिहिलं, आणि रेबिसोच्या शेवटच्या ओ-वर काडी द्यायची राहिली. काडी असती तर अर्थ होता 'त्याने तपासला'. काडी नाही म्हणजे जोर मधल्या बी-वर, आणि अर्थ 'आत्ता तपासते मी'. झालं. सगळ्यांना वाटलं ही बघतीये, आणि मी आपली काम संपलं म्हणून घरी येऊन पोहे केले. सोमवारी सकाळी कोड तिथल्या तिथेच. गंमत अशी की कोदिगोवरची काडी फोनने आपणहून दिली होती, कारण काडीशिवाय कोदिगो असा शब्दच नाही. पण रेबिसो काडीसकटपण शब्द आहे आणि बिनकाडीचापण शब्द आहे, मग फोन बिचारा काय करणार. म्हणजे जिथे खरी गरज असते नेमकं तिथेच ऑटोकरेक्ट गप्प बसतं. हे मला तेव्हा कळलं आणि त्याच आठवड्यात फी भरली.

पहिला शनिवार. शिकवायला एक निवृत्त शाळामास्तरीण, सगळे तिला प्रोफे म्हणतात, इथे शिक्षकांना तसंच म्हणतात, मी एकदा चुकून बाई म्हणाले तर तिला तोच शब्द आवडला. बसल्या बसल्या तिने पहिली गोष्ट काय साफ केली तर ह्या काडीचं नाव तिल्दे. आपण बाहेर तिल्दे म्हणतो ती एन्ये (ñ) या अक्षराच्या डोक्यावरची लाट, पण इथे लाटेला विर्गुलिया म्हणतात आणि तिल्दे म्हणजे बहुतेक वेळा ही काडी. आणि काडी कधीही मनाला येईल तशी पडत नाही. नियम असा की शब्द स्वर, एन किंवा एस यांनी संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर (अक्षर म्हणजे एका दमात उच्चारायचा तुकडा) धरायचा, बाकी कशाने संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर. हे न सांगता धरायचं. जो शब्द हे मोडतो त्याच्यावरच काडी. म्हणजे काडी ही जोराची खूण नाहीच, जोर तर प्रत्येक शब्दात कुठेतरी असतोच, काडी ही नियम मोडल्याची पावती आहे. तीन वर्षांत मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं, सगळीकडे जोर शेवटी, शेवटून दुसरा की तिसरा यावरून आगूदा, याना, एस्द्रूखुला अशी तीन नावं पाठ करायला लावतात आणि आपण नावांतच अडकून बसतो.

आणि इथेच माझी ट्यूब पेटली. शेवटचं अक्षर, शेवटून दुसरं अक्षर... अरे हे तर अन्त्य आणि उपान्त्य! आठवीत मराठीच्या तासाला हेच तर घोकलं होतं. मूल लिहिताना उपान्त्य ऊकार दीर्घ, पण मुलाला म्हटलं की ऱ्हस्व, कारण पुढे अक्षर वाढलं आणि तो उपान्त्य राहिलाच नाही. स्पॅनिशमध्ये डिट्टो हेच. कान्थ्योन म्हणजे गाणं, जोर शेवटी, संपतो एन-ने, नियम मोडला, म्हणून ओ-वर काडी. अनेकवचन कान्थ्योनेस, एक अक्षर वाढलं, तोच ओ आता शेवटून दुसरा झाला, नियमात बसला, काडी गेली. उलटंपण होतं, खोबेन म्हणजे तरुण, काडी नाही, पण खोबेनेस म्हटलं की जोर शेवटून तिसऱ्यावर गेला, आणि तिसऱ्यावर जोर असेल तर डोळे झाकून काडी, तिथे अपवादच नाही. मी हे मूल-मुलाला प्रकरण मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये वर्गात सांगितलं, प्रोफेने फळ्यावर 'मूल' काढून घेतलं माझ्याकडून, देवनागरीत, आणि उकार बघून म्हणाली, तुमच्याकडे तर काड्या आमच्यापेक्षा जास्त आहेत मग तू रडतेस कशाला.

रडते कारण मला जोर ऐकूच येत नाही! ही माझी खरी अडचण होती आणि मला वाटतं बहुतेक मराठी लोकांची असेल. नियम येतो, पण नियम लावायला आधी कळायला तर हवं जोर कुठे आहे. आपल्याकडे जोर इकडचा तिकडे केला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला ती सवयच नाही. प्रोफेने विचारलं तुझ्या गावाच्या नावात जोर कुठे, मी नाशिक असं तीनदा म्हणून दाखवलं आणि तिन्ही वेळा तिला वेगळीकडे ऐकू आला.

मग तिने तिची युक्ती काढली. म्हणे समोरच्या गल्लीत कुणीतरी चाललंय असं समज आणि शब्दाने त्याला हाक मार, जे अक्षर लांबेल तिथे जोर. वर्गातल्या बाकीच्यांना पटापट जमलं. मी मेसा या शब्दाला हाक मारली, मेसाऽऽऽ. काफेऽऽऽ. आर्बोलऽऽऽ. माझा प्रत्येक शब्द शेवटीच लांबतोय, कारण आपण हाक मारतो ती तशीच ना, आईऽऽऽ, बंड्याऽऽऽ, शेवटचा स्वर ओढायचा हे वाड्यातल्या गॅलरीत उभं राहून लहानपणीच अंगात मुरलेलं. माझ्या हिशोबाने अख्खी स्पॅनिश भाषा शेवटी जोरवाली निघाली. वर्ग हसून लोळला, मीपण. पण प्रोफेला इथे पूर्ण मार्क, तिने लगेच युक्ती बदलली, म्हणाली हाक सोड, टेबलावर बोटं वाजव, आणि प्रत्येक शब्द मुद्दाम चुकीच्या ठिकाणी जोर देऊन म्हण, मग बरोबर ठिकाणी, फरक ऐकू येतो का बघ. मेसाऽ, मेऽसा. तेर्मिनो हा शब्द तीन प्रकारे: पहिल्यावर जोर तर संज्ञा किंवा मुदत, मधल्यावर तर मी संपवते, शेवटच्यावर तर त्याने संपवलं. पहिल्यावर काडी, मधल्यावर नाही, शेवटच्यावर काडी. हे तिघं आम्ही वीस मिनिटं बडवत बसलो. खालच्या बारवाल्याला वाटलं असेल वर सुतारकाम चाललंय.

दुसऱ्या शनिवारचा गृहपाठ मला सगळ्यात आवडला. मेट्रोची चार नंबरची लाईन, तपकिरी रंगाची, आर्ग्वेयेसपासून पिनार दे चामार्तीनपर्यंत जायचं आणि प्रत्येक स्टेशनचं नाव आधी कानाने ऐकून वहीत लिहायचं, मग फलाटावरच्या पाटीशी जुळवायचं. गंमत म्हणजे घोषणेच्या पहिल्या दोन शब्दांतच धडा आहे, 'प्रोक्सिमा एस्ताथ्योन', प्रोक्सिमामध्ये जोर शेवटून तिसऱ्यावर म्हणून काडी, एस्ताथ्योनमध्ये शेवटी जोर आणि एन, म्हणून काडी. रविवारी दुपारी गाडी रिकामी, मी एका कोपऱ्यात वही घेऊन बसले. बिल्बाओ, काडी नाही, स्वराने संपतो, जोर बा-वर, नियमात. आलोन्सो मार्तीनेथ, झेडने (इथे झेडचा उच्चार थ) संपूनही जोर शेवटी नाही, काडी. कोलोन, काडी. सेर्रानो, नाही. बेलाथकेथ, परत झेड, काडी. इथे लक्षात आलं की इथल्या लोकांची ती सगळी 'एथ' वाली आडनावं, पेरेथ, गोमेथ, रोद्रीगेथ, सगळी एकाच कारणाने काडीवाली आहेत, एक समजलं की अर्धी फोनबुक पाठ. मग गोया, लिस्ता, दिएगो दे लेओन, आबेनीदा दे आमेरिका. प्रोस्पेरिदादला मी काडी दिली होती आणि पाटीवर नव्हती, कारण शब्द डी-ने संपतो आणि जोर आधीच शेवटी आहे, म्हणजे नियमात आहे, पावती कशाला. २३ पैकी बरीचशी बरोबर. आर्ग्वेयेसच्या यू-वर दोन टिंबं आहेत ती वेगळी भानगड, ती फक्त सांगतात की हा यू खाऊ नका, उच्चारा.

आणि लाबापिएस! इतके महिने त्या स्टेशनावरून येतेय जातेय. पिएस म्हणजे पाय, एकटा असला तर काडी नाही, कारण एका अक्षराच्या शब्दाला सहसा काडी देत नाहीत, जोर पडायला दुसरी जागाच नसते. पण लाबाला चिकटला की तोच पिएस शेवटचं जोरवालं अक्षर झाला, संपतो एस-ने, म्हणून ए-वर काडी. आकड्यांचंपण असंच, दोस, त्रेस, सेइस बिनकाडीचे, पण बावीस, तेवीस, सव्वीस लिहायला गेलं की शेवटी काडी. माझ्या पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर मी तेवीस तारीख अक्षरी लिहिताना काडी दिली आणि स्वतःवर इतकी खूश झाले की तारीख चुकीची आहे ते बघितलंच नाही, चोवीस होती.

एका अक्षराच्या शब्दांत मोजके अपवाद आहेत, जिथे दोन शब्द दिसायला सारखे आणि काम वेगळं. एल म्हणजे तो, काडी. एल म्हणजे नुसतं उपपद (इंग्रजीतल्या 'द' सारखं), नाही. तू-तुझा तसंच, दोन्हीला शब्द तू, 'तू' असेल तर काडी, 'तुझा' असेल तर नाही. ते म्हणजे चहा, त्याला काडी, हे मी जन्मात विसरणार नाही. 'मला' मधल्या मी-ला काडी (बिनकाडीचा मी म्हणजे 'माझा') पण 'तुला' मधल्या ती-ला नाही, कारण दुसरा ती असा शब्दच नाही तर गोंधळ कुणाशी होणार. या भागावर प्रोफेने फार वेळ घालवला नाही, यादी दिली आणि पुढे गेली, बरोबरच केलं.

मात्र जिथे वेळ द्यायला हवा होता तिथे गडबड केली. तिसरा शनिवार, जोडस्वर. हा सगळ्यात अवघड भाग आणि तो ५० मिनिटांत उरकला. हिस्तोरिया घ्या. आपल्या कानाला हिस-तो-रि-या, चार अक्षरं, जोर तो-वर, म्हणजे शेवटून तिसरा, म्हणजे काडी हवी. पण नाही! त्यांच्या हिशोबाने शेवटचा इ आणि आ मिळून एकच अक्षर, म्हणून शब्द तीन अक्षरी, जोर शेवटून दुसरा, काडी नाही. माझ्या शेजारी एक ब्राझीलवाला बसायचा, तो तर दरवेळी काडी द्यायचाच कारण पोर्तुगीजमध्ये याच शब्दाला काडी असते, त्याला दोन भाषांच्या मध्ये सँडविच झाल्यासारखं व्हायचं. मला शेवटी घरी भांडी घासताना सुचलं की हे तर जोडाक्षर आहे! हिस-तो-ऱ्या. फामिलिया नाही, फा-मी-ल्या. ग्राथियास नाही, ग्रा-थ्यास. फार-मा-थ्या. देवनागरीत जोडाक्षर करून लिहा आणि मग अक्षरं मोजा, चुकतच नाही. आणि जिथे इ-वरच जोर असतो तिथे जोडाक्षर फुटतं, दी-आ, पो-ली-थी-आ, मा-री-आ, आणि ते फुटलंय हे सांगायला त्या इ-वर काडी, मग शब्द कशानेही संपो. मारिया आणि माऱ्या यातला फरक, बास. रोमन लिपीत शिकणाऱ्यांना हे दिसत नाही, आपल्याला लिपीच मदत करते. चौथ्या शनिवारी प्रोफेला सांगितलं तर ती म्हणाली पुढच्या बॅचला सांगेन, पण पुढच्या बॅचला देवनागरी कोण शिकवणार.

आता तक्रारी. एक नंबर, झेरॉक्स. काड्यांच्या कोर्सला दिलेल्या झेरॉक्सवर काड्या दिसत नाहीत! कितव्या पिढीची कॉपी होती देव जाणे, निम्म्या काड्या पुसट आणि जिथे काडी नाही तिथे मशीनच्या काचेवरच्या कचऱ्याचे ठिपके. 'बरोबर की चूक' वाल्या पानावर आम्ही दहा मिनिटं भांडलो की पाचव्या शब्दावर आहे ती काडी की माशी. क्लासच्या ऑफिसमध्ये सांगितलं, हो म्हणाले, पुढच्या शनिवारी तेच. दोन नंबर, आठ जणांची बॅच सांगून तेरा जण बसवले. तीन, मी तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास उशिरा पोहोचले (मेट्रो नाही, पोरीचा ताप), तर राहिलेलं भरून द्यायची काही सोय नाही, रेकॉर्डिंग नाही, काही नाही.

आणि चार, टायपिंग. आजच्या जगात माणूस हाताने लिहितो किती? शेवटच्या शनिवारी शेवटची दहा मिनिटं कीबोर्डवर, तीपण घाईघाईत. म्हणून इथेच सांगून ठेवते, कुणाला उपयोग होईल. फोनवर स्वर दाबून धरायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. इथल्या लॅपटॉपवर एन्येच्या शेजारी उजवीकडे काडीची की असते, ती आधी दाबायची मग स्वर, उलटं केलं तर काही होत नाही. भारतातून आणलेला लॅपटॉप असेल तर विंडोजमध्ये ऑल्ट दाबून नंबरपॅडवर १६० म्हणजे ए-वाला, १३० ई, १६१ आय, १६२ ओ, १६३ यू, एन्ये हवा तर १६४. यूएस इंटरनॅशनल लेआउटपण चालतं, त्यात अपॉस्ट्रॉफी दाबून स्वर, पण कोड लिहिणाऱ्यांनी सांभाळून, प्रत्येक अवतरणचिन्ह पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं, मी दोन दिवसांत काढून टाकलं.

वर्गाच्या वेळात सगळ्यात रंगलेली चर्चा मात्र अभ्यासक्रमाबाहेरची होती. सोलो. या शब्दाचे अर्थ दोन, 'एकटा' आणि 'फक्त'. पूर्वी 'फक्त' असेल तर काडी द्यायचे. २०१० साली अकादमीने, म्हणजे १७१३ पासून इथे माद्रिदातच बसलेल्या त्या भाषेच्या अकादमीने, सांगितलं की द्यायची गरज नाही, नियमाने तो शब्द बिनकाडीचाच. त्यावर इतकी वर्षं वाद, अकादमीतले लेखकच ऐकेनात, मग २०२३ मध्ये खुलासा आला की गोंधळ होईल असं लिहिणाऱ्याला वाटलं तर द्या. प्रोफे काडीवाली. तिने फळ्यावर लिहिलं, शनिवारी सोलो काम करतो, आता सांगा एकटा करतो की फक्त शनिवारीच करतो? आणि मग तिने सांगितलं की फुए, दिओ, विओ ('गेला', 'दिलं', 'पाहिलं') यांच्यावर तिच्या लहानपणी घरात काडी असायची, १९५९ पासून ती नियमाने गेली तरी तिचे वडील शेवटपर्यंत देत राहिले. मला एकदम आजोबांची पत्रं आठवली, नांव, कांहीं, घरांत, सगळीकडे टिंबं, १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले तरी आजोबांच्या दौतीत शिल्लक होते. मी विचारायचे हे टिंब कशाला, तर म्हणायचे असू दे, त्याला कुठे जायचंय.

तर घ्यावा का? बोलण्यापुरती स्पॅनिश हवी असेल तर अजिबात नको. नागरिकत्वासाठी ए-टू लेव्हलची परीक्षा देताय तर आधी बाकी व्याकरणाकडे बघा, काडीचं नंतर. पण ज्यांना कामाचे मेल लिहायचेत, बी-वन म्हणजे त्याच्या वरची लेव्हल झालीये आणि अजून अंदाजाने काड्या टाकताहात, त्यांनी जरूर घ्या, मुख्यतः प्रोफेसाठी, हीच बाई असेल याची खात्री करून. मी पाचपैकी साडेतीन देते, झेरॉक्स धड असती तर चार. आता ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी शेवटचा ओ बघतेच बघते, आणि ऑफिसमधल्या दोघा स्पॅनिश पोरांना मी काडी सुधारून दिली, तेपण घाईत देत नाहीत, त्यांना राग आला नाही, एकाला थोडा आला.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट दिलं. ठळक मोठ्या अक्षरांत वर छापलेलं: आथेन्त्वाथ्योनचा (म्हणजे काड्या देण्याचा) कोर्स पूर्ण केल्याबद्दल. आणि आथेन्त्वाथ्योनच्या ओ-वर काडी नाही! खालच्या बारच्या पाटीवरपण 'मेनू देल दीआ' असंच बिनकाडीचं आहे, मोठ्या अक्षरांना काडी लागत नाही असा इथल्या अर्ध्या लोकांचा समज आहे, अकादमी म्हणते लागते. प्रोफेने सर्टिफिकेट बघितलं, काही बोलली नाही, पर्समधून निळं पेन काढलं आणि तेराच्या तेरा कागदांवर एकेक काडी ओढून दिली. पुढची बॅच सप्टेंबरच्या शेवटी आहे म्हणे. चष्मा घेऊन जा, झेरॉक्स त्याच असणार.